करड्या मानेचा कावळा

बागेतल्या रानचेस्टनटांची फळं फुटून वाटेवर टणाटण पडायला लागली, की थोड्याच दिवसांत मिरजेहून फोन येतो. माझ्या सासूबाईंचा. आधी नातीची चौकशी, मग मुलाची, मग इथल्या थंडीची. आणि मग, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, "आले का गं ते?"

"नाही अजून, आई."

"येतील. थंडी पडू दे की जरा."

ते म्हणजे करड्या मानेचे कावळे. आता मला त्यांचं खरं नाव माहीत आहे, जर्मन नाव माहीत आहे, ते कुठून येतात आणि कशाला येतात तेही माहीत आहे. पण फोनवर आम्ही दोघी त्यांना नुसतं 'ते' म्हणतो. घरातल्या माणसाचं नाव घेऊ नये तसं.

फ्रँकफर्टला आमच्या घराच्या मागे, उ-बानचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, स्टेशन ओलांडलं की ही बाग लागते. मोठी नाही. एक तळं, तळ्याभोवती आपल्या बापाची जागा असल्यासारखी हिंडणारी गुबगुबीत हंसबदकं, मुलांच्या खेळण्याची जागा, आणि मधोमध एक रुंद हिरवळ. कितीतरी वर्षं मी या बागेतून फक्त गेले. ऑफिसला जाताना आणि येताना. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना कळवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि घरच्यांच्या मते स्वभावही. पक्ष्यांच्या तीनच जाती मला ठाऊक होत्या. कबूतर, बदक आणि बाकीचे.

या बागेत हिरवे पोपटही आहेत. अगदी आपलेच, लाल चोचीचे, गळ्यात कंठी असलेले. संध्याकाळी तेच ते कर्कश ओरडत थव्याने जातात. आमच्या मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी एक तरी लेख त्यांच्यावर येतो. ते परके, आपण परके, तेही रुळले, आपणही रुळलो. मला या लेखांचा वैताग आहे. पोपटाला व्हिसा लागत नाही आणि त्याची आई मिरजेला एकटी राहत नाही.

ते कावळे मी पहिल्यांदा बघितले त्या वर्षी आई उन्हाळा संपता संपता आल्या. आमच्या मुलीच्या, इराच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, शिक्षिका मिळत नव्हत्या. कधी दुपारीच बंद, कधी आठवड्यातून दोन दिवस बंद. आम्ही दोघं नोकरी करणारे. "मी येते की," आईच म्हणाल्या. बाबांना मात्र यायचं नव्हतं. बाबा, माझे सासरे, हायस्कुलात ड्रॉइंगचे मास्तर होते. निवृत्तीनंतरही सकाळी चालायला जाताना खिशात पेन्सिल असायची. "तिथं काय बघायचं मी? सगळं धुरकट," असं म्हणत त्यांनी अंग काढून घेतलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करून घ्या म्हणून आई मागे लागल्या, तर म्हणाले, "तू जाऊन ये. तू आल्यावर करू. डोळ्यांत थेंब कोण घालणार माझ्या?"

त्यामुळे व्हिडिओ कॉलवर ते इराला बघायला मोबाइल अगदी डोळ्याला लावायचे. इकडे आमच्या स्क्रीनभर त्यांचा एकच डोळा दिसायचा, दुधाळ, पांढुरका, मधे अंधूक बाहुली. इरा खिदळायची. "आजोबा, इश झेहे दिश!" मी तुम्हाला बघतेय, असं ती जर्मनमधून ओरडायची. "काय म्हणते ती?" ते विचारायचे, आणि डोळा आणखी जवळ आणायचे.

मग पानगळ आली. किटाच्या दारात ओल्या पानांवरून आई घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, पट्टी, वर आधाराचा बूट, काखेत कुबड्या. डॉक्टर म्हणाले, इतक्यात विमान नाही, पायात रक्ताची गुठळी होईल. आणि आई अशा पाय वर करून सोफ्यावर बसलेल्या असताना बाबा गेले. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, दार उघडेना. झोपेतच हार्ट अटॅक आला होता. सुमित, माझा नवरा, मिळेल त्या विमानाने गेला. आईंना जाता आलं नाही. त्या रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. त्या फक्त बुटाच्या पट्ट्या काढत आणि पुन्हा लावत बसायच्या.

दहाव्याला सुमितच्या चुलतभावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. इथे अजून उजाडायचं होतं. स्वयंपाकघरात दिवा लावून आम्ही दोघी टेबलापाशी बसलो, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून. कृष्णेचं पाणी, ओला दगड, पानावर ठेवलेला पिंड आणि पलीकडे पिंपळावर भरपूर कावळे. दिसत होते स्पष्ट. पण एकही खाली येईना. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही असं समजायचं. नाही शिवला तर मागच्यांनी त्याला काहीतरी वचन द्यायचं. सुमितचे काका एकेक सुचवत होते. घराची चिंता करू नका म्हण. पुस्तकं शाळेला देतो म्हण. आणि मग, "आईचं म्हण रे. आईला सांभाळीन म्हण."

सुमित हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन. तुम्ही काळजी करू नका."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. मान तिरकी करून बघितलं, आणि परत वर गेला.

शेवटी दर्भाचा कावळा करून तो शिववला. अशा वेळी तसंच करतात, त्यात काही वावगं नाही, असं गुरुजी मोठ्याने म्हणाले. मुद्दाम फोनला ऐकू जाईल असं. आई स्क्रीनकडे बघत होत्या. चित्र गोठलं होतं, सुमितचे जोडलेले हात तसेच. "ह्यांना पटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मला त्या वेळी राग आला. पहाटे उठून, उपाशी, आपल्या मुलाने घाटावर उभं राहून शब्द दिला आणि हिला कावळ्याचं खरं वाटतं. पण नंतर दिवसभर, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसले असताना, मला तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. सांभाळीन. म्हणजे कसं? आमच्या परवान्यावर आईला कायमचं इथे आणायची सोय नव्हती. आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत, मी स्वतः जाऊन विचारलं होतं. आणि आम्ही परत जाणार होतो 'दोन वर्षांत', लग्न झाल्यापासून. टेस्टिंगमध्ये आम्ही अशा वाक्याला अपुरी माहिती म्हणून परत पाठवतो.

तेरावा झाला आणि आईंनी बागेत न्यायला सांगितलं. सोबत छोट्या डब्यात दहीभात. हिरवळीच्या कडेला बाक, बाकापासून चार हातांवर केळीचं पान मिळालं नाही म्हणून एक मोठं मेपलचं पान, त्यावर घास. "मला कुठं मंत्र येतात? पण घास तर ठेवता येतो."

इथे कावळ्यांना काही तोटा नाही. लगेच दोन आले. काळेभोर, चोचीपासून पायापर्यंत, मोठाले. त्यातला एक उड्या मारत पानाजवळ आला. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि आईंनी कुबडी उगारली. "हाड! हाड!"

"अहो आई, येत होता की तो!"

"डोमकावळा आहे तो. अंगभर काळा. तो नाही चालत. आपल्याला साधा पाहिजे, मान करडी असते तो."

पुढचे कितीतरी दिवस हेच. येणाऱ्या प्रत्येक कावळ्याला हाकलायचं आणि कावळ्याची वाट बघायची. कुत्री फिरवणारी माणसं थांबून बघायची. पट्टीतला पाय पुढे, शाल, स्वेटरवर स्वेटर, आणि हातात हवेत फिरणारी कुबडी. मी फोनमध्ये पक्षी ओळखायचं ॲप घेतलं. फोटो काढला की नाव सांगायचं. राबेनक्रेहे, म्हणजे तोच अंगभर काळा, राबेनक्रेहे, पुन्हा राबेनक्रेहे. काळापांढरा लांब शेपटीचा आला, एल्स्टर. एकदा निळ्या पंखांचा देखणा तपकिरी पक्षी ओकचं फळ घेऊन गेला, तर आईंनी आशेने माझ्याकडे बघितलं. "हा पण त्याच कुळातला आहे म्हणतंय," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "कुळातला म्हणून काय झालं?"

फ्राऊ ब्रेनर भेटल्या त्या या बाकावरच. उंच, सरळ, गळ्यात दुर्बीण, रविवारी सकाळी बागेत लोकांना पक्षी दाखवत हिंडणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी आधी पाटीकडे बोट केलं. "फ्युटर्न फरबोटन." खायला घालायला मनाई. शिवाय शिजवलेला भात पक्ष्यांना बरा नाही, त्याने उंदीर येतात, वगैरे. मी माफी मागितली आणि मग, का कोण जाणे, माफीवर थांबले नाही. सगळं सांगितलं. हिचा नवरा गेला. तिला जाता आलं नाही. त्यांच्या नावाचा घास कावळ्याने खावा लागतो. नाही खाल्ला तर गेलेला माणूस सुखाने गेला नाही. जर्मनमध्ये हे बोलताना मला कानकोंडं झालं. प्रत्येक वाक्य मी दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून सांगत होते.

फ्राऊ ब्रेनरनी अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठला कावळा?"

मी करड्या मानेचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "आख झो! डोहले." आणि त्या आईंच्या शेजारी बसून मलाच शिकवायला लागल्या. आधी आकार बघायचा, डोहले लहान, कबुतराएवढा. मग चोच, आखूड. मग मान, राखाडी रेशमासारखी. आणि डोळा. तो एकदा बघितला की चूक होत नाही. "पण ते या बागेत आत्ता नाहीत. पूर्वेकडे थंडी वाढली की शेतकावळ्यांच्या मोठ्या थव्याबरोबर येतात. नोव्हेंबरमध्ये." मग म्हणाल्या, "पूर्वी आभाळ काळं व्हायचं. आता हिवाळे कोमट झाले, तिकडेच राहतात पुष्कळ. येतीलच असं सांगता येत नाही."

"काय म्हणतायत?" आईंनी विचारलं.

"नोव्हेंबरात येतील म्हणतात." आईंचा व्हिसा नोव्हेंबरच्या शेवटाला संपत होता.

"थांबू मग."

फ्राऊ ब्रेनर उठताना आणखी एक म्हणाल्या. डोहले जन्मभर जोडीने राहतात. हजारांचा थवा असला तरी नीट बघितलं तर दोन-दोन दिसतात. ते मी आईंना भाषांतर करून सांगितलं नाही.

सुमित परत आला, कामाला लागला. बागेत एकदाही आला नाही. रात्रीच्या जेवणाला आई त्याला वाढताना दिवसभराचं सांगायच्या, आज कोण आलं, कोणाला हाकललं. तो पानात बघून जेवायचा. एकदा मात्र म्हणाला, "आई, दर्भाचा चालतो म्हणाले होते गुरुजी."

"चालतो रे. तू मनाला लावून घेऊ नको."

त्याने मनाला लावून घेतलंच होतं. घाटावर आपण खोटं बोललो का, हे त्याला मला विचारायचं होतं आणि मी विचारू द्यायचे नाही. आम्ही इराच्या बुटांबद्दल बोलायचो.

त्याला आता काही वर्षं झाली. परवा दुपारी ऑफिसच्या खिडकीवरून क्रौंच गेले. दर वर्षी या दिवसांत जातात, उंचावरून, वाकड्यातिकड्या ओळी करून, तुतारीसारखं ओरडत. इथली माणसं एरवी मान वर करत नाहीत, पण क्रौंच ऐकले की भर मीटिंगमधून उठून खिडकीशी जातात. मीही गेले. सगळे "शोन, शोन" म्हणत होते. छान आहेच. मला मात्र ठाऊक होतं, याच्यानंतर फोन येणार.

आई हल्ली मिरजेला त्याच घरात एकट्या राहतात. या पावसाळ्यात त्यांना ताप आला, चांगला आठवडाभर, सलाइन लावावं लागलं. आम्हाला कळलं ते महिन्याने, शेजारच्या वहिनींकडून, तेही बोलण्याच्या ओघात. मी चिडून फोन केला. "आई, सांगायचं नाही का?" तर म्हणाल्या, "सांगून काय करणार होतीस? उगीच तिकडं जिवाला घोर." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. सुमित म्हणाला, आई किती खंबीर आहे ना. मी उठून भांडी घासायला घेतली. मशीन रिकामं होतं तरी हातानेच घासली.

लोक म्हणतात काळाने सगळं हलकं होतं. मला ही पानगळ दर वर्षी थोडी जड लागते. ओल्या पानांचा तो आंबूस वास आला, की मी आपोआप पाय जपून टाकते आणि आभाळाकडे बघते. फ्राऊ ब्रेनर आता थकल्या आहेत. त्यांचा रविवारचा चमू मीच पुढे नेते अधूनमधून. आकार, चोच, मान, डोळा. लोक टिपून घेतात. एका बाईने मला विचारलं, तुम्हाला ही आवड कशी लागली? मी म्हटलं, सासूबाईंमुळे. ती म्हणाली, किती गोड!

त्या नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी फ्राऊ ब्रेनरनी फोन केला होता. नमस्कार नाही, काही नाही. "झी झिंट दा." आले आहेत. मी घरूनच काम करत होते. लॅपटॉप तसाच सोडला, आईंना कोट चढवला, डबा घेतला. पाय बराच सुधारला होता, एकाच कुबडीवर चालत होत्या. सामानाची बॅग दारातच अर्धी भरलेली पडली होती.

हिरवळ काळी झाली होती. शेतकावळे, शेकड्यांनी, पांढरट चोचींचे, ओल्या गवतात खुपसाखुपशी करत. आणि त्यांच्यात मधेमधे ते. लहानसे, ठुमकत चालणारे, माना राखाडी. आईंनी माझा दंड घट्ट धरला. "आपलेच आहेत गं."

पान नव्हतं हाताशी, त्यांनी डब्याच्या झाकणातच घास ठेवला. फ्राऊ ब्रेनर थोड्या लांब उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मोठ्याने म्हणाल्या, "मी आता त्या झाडाकडे बघते आहे."

थव्यातून एक जण निघाला. दोन उड्या, थांबला. त्याच्या मागे दुसरी, पण ती तिथेच राहिली. तो आणखी जवळ आला, झाकणापासून हातभर, आणि मान तिरकी करून त्याने आमच्याकडे बघितलं. तेव्हा त्याचा डोळा दिसला. पांढुरका, दुधाळ, मधे बारीकशी बाहुली. फ्राऊ ब्रेनरनी सांगितलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. आईंचा हात तोंडाकडे गेला.

"अहो," त्या म्हणाल्या. "डोळे तसेच ठेवलेत होय?"

तो हलला नाही. खाईना, जाईना. धुक्यात सगळ्या हिरवळीवर कलकलाट चालला होता आणि एवढी जागा तेवढी शांत. आई माझ्याकडे वळल्या. "तू म्हण काहीतरी, अनघा. तुझं ऐकायचे ते."

काय म्हणायचं ते मला माहीत होतं. काकांनी सुमितला सुचवलं तेच वाक्य. ते माझ्या ओठांवर आलं, आणि तो पांढरा डोळा माझ्यावरच रोखलेला होता. माझ्याने ते म्हणवेना. दुसरं काही सुचेना. आईंनी हळूच माझा दंड सोडला, कुबडीवर रेलून पुढे वाकल्या, आणि घरात जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"पोरांवर नका ओझं टाकू. मी राहीन एकटी, मला जमतंय. माझी मी बघेन. तुम्ही जेवा."

तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने घास उचलला.

आईंनी डोळे मिटून हात जोडले. फ्राऊ ब्रेनर पाठमोऱ्याच होत्या, पण त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. त्याने भात खाऊ नये असं त्या बागेत वाटणारी मी एकटीच होते.